घरी तर छान वाजत होता

जुन्या वाद्यांच्या बाजारात सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य कुठलं, असं कानवालीला कुणी विचारलं असतं तर तिने झोपेतही सांगितलं असतं: "घरी तर छान वाजत होता." ट्रम्पेट असो, ड्रम असो की गिटारचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प असो, टेबलावर चढवल्यावर वस्तूने मान टाकली की विकणारा डोळे मोठे करून हेच म्हणायचा. ऐकणारे सहानुभूतीने माना डोलवायचे आणि एकालाही ते खरं वाटायचं नाही. कानवालीलाही नाही. त्या रविवारपर्यंत तरी नाही.

बाजार दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी भरायचा, एका बंद पडलेल्या छापखान्यात. यंत्रं कधीच गेली होती, पण फरशीवरचे शाईचे डाग आणि खांबाखांबावरचे प्लग राहिले होते. शहरभरचे वादक आपलं जुनं सामान घेऊन यायचे आणि दुसऱ्याचं जुनं सामान घेऊन जायचे. त्यातल्या निम्म्यांना खरं तर काहीच घ्यायचं नसायचं, ते सल्ला द्यायला यायचे. ड्रमवाला गिटारवाल्याला तारा कुठल्या घ्याव्यात ते सांगायचा, गिटारवाला सॅक्सोफोनवालीला श्वास कसा धरावा ते सांगायचा, आणि कीबोर्डवाला सगळ्यांना सगळंच सांगायचा. सल्ल्याला पैसे पडत नव्हते आणि तो मागावाही लागत नव्हता.

शेवटचा शब्द मात्र मास्तरांचा. मास्तर म्हणजे चाळीस वर्षं ट्रम्पेट वाजवलेला, काठीसारखा ताठ म्हातारा. विकायला आलेली प्रत्येक वस्तू त्यांच्या टेबलावर चढायची, ते ती वाजवून बघायचे आणि खिशातून खडू काढायचे. बरोबरची खूण म्हणजे वस्तू चांगली, खुशाल विका. शून्य म्हणजे मेली. शून्याची वस्तू कुणाही वादकाला विकायला बंदी होती. ती त्याच दिवशी सुट्टेभाऊ वजनाच्या भावाने उचलायचा आणि खोलून तिचे सुटे भाग विकायचा. नियम कडक होता, पण मास्तरांनी एकदा स्वतःच्याच ट्रम्पेटवर शून्य काढलं होतं, त्यामुळे त्यांच्या खडूशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

वाद घालायची सोय होती तशी. ज्याला खडू पुसायचा असेल त्याने आधी स्वतःचं वाद्य टेबलावर ठेवायचं आणि मग तोंड उघडायचं. म्हणणं खरं ठरलं तर शून्य पुसलं जाणार, खोटं ठरलं तर वाद्य बाजारजमा. बाजार सुरू झाल्यापासूनच्या अकरा वर्षांत एकानेही वाद्य ठेवलं नव्हतं. वादक माणूस एक वेळ घरदार पणाला लावेल, पण हातातलं वाद्य खाली ठेवणार नाही.

त्या रविवारी कानवालीची आत्या आपला अ‍ॅम्प घेऊन आली.

कानवाली हे नाव बाजारानेच पाडलेलं. ती कानाच्या दवाखान्यात ऐकण्याची तपासणी करायची. दिवसभर लोकांच्या कानांवर हेडफोन चढवायचे, एकेक सूर सोडायचा आणि "ऐकू आला की बटण दाबा" म्हणायचं, हे तिचं काम. संध्याकाळी ती बेस वाजवायची. ती चार जाड तारांची गिटार तिला आत्यानेच शिकवली होती. आत्याने स्वतः तीस वर्षं नाचाच्या हॉलमधल्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवला, तोही अशा काळात की बाईने स्टेजवर गावं आणि गप्प उभं राहावं, एवढंच लोकांना माहीत होतं. आता तिच्या डाव्या हाताचे सांधे धरले होते. तार दाबता येईना, तेव्हा बेस तिने गेल्या वर्षी विकून टाकला. राहिला होता तो अ‍ॅम्प. कमरेइतका उंच, दोघांनी उचलायचा, कोपरे घासून पांढरे पडलेला. आदल्या दिवशी तिने तो ओल्या फडक्याने पुसून घेतला होता. "वाजवणारा कुणीतरी घेऊ दे," एवढंच ती येताना म्हणाली.

मास्तरांनी अ‍ॅम्प टेबलावरच्या चाचणीच्या डब्याला, म्हणजे वाद्य आणि अ‍ॅम्पच्या मध्ये लावायच्या विजेच्या डब्याला, जोडून सुरू केला आणि अख्ख्या छापखान्यात घूंऽऽ असा आवाज भरला. त्यांनी त्या डब्याला एक गिटार जोडून वाजवून पाहिली. सूर येत होता, पण त्याच्या खालून ती घरघर हटत नव्हती. लगेच सल्लागार मंडळ जमलं. कीबोर्डवाला म्हणाला, आतला वीज गाळणारा भाग गेला. गिटारवाला म्हणाला, तो तर गेलाच, सोबत बाकीचंही घेऊन गेला. एवढं जुनं धूड दुरुस्त करण्यापेक्षा नवं घेतलेलं परवडेल, यावर सगळ्यांचं एकमत झालं. वादकांचं एकमत होणं हीच खरं तर धोक्याची घंटा होती, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

"घरी तर छान वाजत होता," आत्या म्हणाली.

पाच-सहा जण हसले. मनात वाईट काही नव्हतं, सवयीने हसले. पण आत्याची कानशिलं लाल झाली. मास्तर हळू आवाजात म्हणाले, "बाई, सगळे हेच म्हणतात हो," आणि त्यांनी अ‍ॅम्पच्या काळ्या पाठीवर चांगलं मोठं शून्य काढलं.

कानवालीला ते शून्य आत्याच्याच पाठीवर काढल्यासारखं वाटलं. तिचा संताप झाला. या बाईने तीस वर्षांत एकदा ताल सोडला नव्हता, आणि आज चार टवाळांसमोर ती खोटारडी ठरली होती. आत्याने आपला आखडलेला हात दुसऱ्या हातात धरला आणि म्हणाली, "चल, जाऊ या."

एवढ्यात सुट्टेभाऊ कानवालीच्या बाजूला सरकला. माणूस गोड बोलणारा. अ‍ॅम्पवर तिचा डोळा आहे हे त्याला ठाऊक होतं. तो कुजबुजला की नियम बाजारापुरता, गोदामावर कोण बघतंय? उद्या येऊन वजनाच्या भावात घेऊन जा, दुरुस्त कर, आयुष्यभर वाजव. तिचं भलंच होत होतं. फक्त आत्याने शून्य घेऊन घरी जायचं होतं.

कानवालीचे कान दुसरीकडेच होते. अ‍ॅम्प अजून कुणी बंद केला नव्हता, आणि ती घरघर ऐकत होती. बाकीच्यांनी ती ऐकून सोडून दिली होती. हीच तर वादकांची खोड. गाण्यातला केसाएवढा बेसूर त्यांना टोचतो, पण नुसत्या आवाजाला सूर असतो हे ते विसरतात. कानवालीचा दिवस सुरांतच जायचा. मागे दवाखान्यातलं यंत्र असंच घरघरायला लागलं होतं, तेव्हा दुरुस्तीवाल्या मेकॅनिकने तिला एक गोष्ट सांगितली होती. वीज गाळणारा भाग खराब झाला तर घरघर वरच्या सुरात येते. बाहेरची वायरिंग गोंधळ घालत असेल तर तीच घरघर बरोबर एक सप्तक खाली येते. आणि ही घरघर खालची होती. निदान तिला तसं वाटलं. वाटण्यात आणि असण्यात तिच्या बेसचा फरक होता.

तो बेस तिने दोन वर्षं पैसे साठवून घेतला होता. शनिवारी तिच्या बँडचा कार्यक्रम होता. बेस गेला तर कार्यक्रम गेला, आणि तिच्या जागी उभे राहायला दोघे जण टपलेले होतेच. तिने पाठीवरची पिशवी उतरवली, बेस बाहेर काढला आणि मास्तरांच्या टेबलावर ठेवला.

आत्या म्हणाली, "वेडी आहेस का? उचल तो."

"घरी छान वाजत होता ना? मग बस तू."

मास्तरांनी विचारलं, काय म्हणणं आहे? कानवालीने सांगितलं की अ‍ॅम्पमध्ये काही बिघाड नाही, बिघाड मास्तरांच्या टेबलात आहे. आता मात्र सगळा बाजार हसला. कीबोर्डवाला म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. मास्तर हसले नाहीत. त्यांचं टेबल वाकडं आहे असं त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं, आणि ऐकायला त्यांना ते बरं वाटलं नसणार. पण नियम त्यांनीच केलेला होता. "दाखव," ते म्हणाले.

तिने बेस डब्याला जोडला आणि सगळ्यात बारीक तार मोकळी छेडली. बिघाड आतला असता तर घरघर या सुराच्या जवळ असती, ती म्हणाली. मग तिने सगळ्यात जाड तार तिसऱ्या पडद्यावर दाबून छेडली. सूर खाली गेला, घरघरीला भेटला, आणि दोन्ही आवाज एकमेकांत असे मिसळले की कुठला तारेचा आणि कुठला अ‍ॅम्पचा ते कळेना. समजावून सांगायची गरजच उरली नाही. समोर चाळीस वादक उभे होते आणि चाळिसांनाही ते ऐकू आलं होतं. कीबोर्डवाल्याचं तोंड उघडंच राहिलं, आणि त्या सकाळी पहिल्यांदाच त्यातून काही बाहेर आलं नाही.

आता फक्त गोंधळ सापडायचा होता. ती वायरीमागे चालत गेली. चार वर्षांपूर्वी छत गळायला लागलं तेव्हा टेबल भिंतीपासून मधोमध आणलं होतं. चाचणीच्या डब्याची वायर भिंतीच्या प्लगपर्यंत पुरत होती म्हणून ती तिथेच राहिली, आणि अ‍ॅम्प जोडायला खांबावरचा प्लग घेतला. भिंतीची वायरिंग वेगळी, यंत्रांसाठी घातलेली खांबाची वेगळी. दोन्हीकडच्या अर्थिंगच्या तारा टेबलावर एकत्र जोडल्या गेल्या की अ‍ॅम्प घरघरायचा. लहानसहान अ‍ॅम्प दोन पायांच्या प्लगचे, त्यांना अर्थिंगच नसल्याने काही होत नसे. मोठ्या, तीन पायांच्या प्लगवाल्यांच्या बाबतीत मात्र चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती.

कानवालीने भिंतीतून डब्याचा प्लग उपटला आणि आणून खांबावर, अ‍ॅम्पच्या शेजारी लावला.

घरघर थांबली. अ‍ॅम्प सुरू होता, दिवा लाल जळत होता, आणि आवाज काहीच नव्हता. तिने आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. तरी काहीच नाही. बाहेर रस्त्यावरून सायकल गेली, तिची घंटा आत ऐकू आली. कानवालीला हसूही येत होतं आणि रडूही येत होतं, आणि तिने दोन्ही आवरायचा प्रयत्न केला नाही.

मास्तरांनी रुमाल काढला नाही, फडकं मागितलं नाही. त्यांनी आपल्या इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीने ते शून्य पुसलं, अगदी कडा राहणार नाहीत असं पुसलं, तिथे बरोबरची खूण केली आणि आत्यासमोर जाऊन उभे राहिले.

"बाई, तुम्ही खरं बोलत होतात. ऐकायला मी कमी पडलो."

आत्या म्हणाली, "तुमचं टेबल घरी तर छान चालत असेल." या वेळी छापखाना हसला तेव्हा ती सगळ्यांत मोठ्याने हसली, आणि मास्तरही.

हसणं ओसरलं तेव्हा मास्तरांना एकदम आठवलं. चार वर्षांत अशी किती शून्यं काढली? ते सुट्टेभाऊकडे वळले. सुट्टेभाऊ तोवर दारापर्यंत पोचला होता. मोठे अ‍ॅम्प नऊ, त्याने कबूल केलं. चार खोलले. आतून सगळे भाग चांगले निघाले, पण त्याला वाटलं हे त्याचं नशीब! उरलेले पाच गोदामात तसेच पडून होते, कारण खोलायला वेळ कुठे मिळतो. त्याच्या आळसाला त्या दिवशी टाळ्या मिळाल्या. सहा जण त्याच्यासोबत टेम्पो घेऊन गेले आणि तासाभरात पाचही धूडं टेबलासमोर ओळीने उभी राहिली. मास्तरांनी एकेक सुरू केला. चार गप्प, स्वच्छ. पाचव्यातून धूर आला. "हे शून्य माझं खरं होतं," मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर केवढं समाधान होतं. त्या चारींच्या मालकांना फोन करायचं काम कीबोर्डवाल्याने अंगावर घेतलं, कारण त्याला बोलायला काहीतरी हवंच होतं.

आत्याचा अ‍ॅम्प टेबलावरून खाली उतरवला होता, आणि तोवर त्या अ‍ॅम्पभोवती तीन गिऱ्हाईकं जमली होती. सकाळी फुकट नको असलेल्या वस्तूला आता मागणी आली होती. आत्याने पूर्ण भाव सांगितला. कानवालीने तिघांच्या मधून हात वर केला आणि म्हणाली, मी घेते. सकाळी गप्प बसली असती तर तिला तो वजनाच्या भावात मिळाला असता, हे तिलाही कळत होतं आणि सुट्टेभाऊलाही. तो डोक्याला हात लावून बसला. कानवालीला मात्र आयुष्यात कुठल्या वस्तूचे पैसे इतक्या आनंदाने द्यावेसे वाटले नव्हते.

"वाजवून बघितल्याशिवाय घेऊ नये," आत्या म्हणाली. "बेस इकडे आण."

ती अ‍ॅम्पवरच बसली आणि बेस मांडीवर घेतला. उजव्या हाताची बोटं तारांवर ठेवली. ती बोटं अजून शाबूत होती. डावा हात तिने वर नेला, एक तार दाबून पाहिली, आणि सोडून दिली. सगळे बघत होते. मग कानवाली आत्याच्या डाव्या बाजूला गुडघ्यावर बसली, हात पुढे केला आणि बेसच्या मानेवर स्वतःची बोटं ठेवली.

"कुठली चाल?" तिने विचारलं.

"तू फक्त दाब. ठोका माझ्याकडे आहे."

पहिले दोन सूर चुकले. एकीने दाबलं तेव्हा दुसरीने छेडलं नव्हतं, दुसरीने छेडलं तेव्हा पहिली पुढे गेली होती. तिसऱ्यापासून जमलं. आत्याच्या बोटांमागे कानवालीची बोटं धावत होती, आणि शाईच्या डागांची ती फरशी खालून थरथरू लागली. ड्रमवाल्याने विकायला आणलेल्याच ड्रमवर ताल धरला. सॅक्सोफोनवालीने कुणाच्याही सल्ल्याविना श्वास घेतला. मास्तरांनी कुणाचा तरी ट्रम्पेट उचलला, बरोबरची खूण आहे का तेही बघितलं नाही. आत्याने डोळे मिटले होते आणि ताल जराही मागेपुढे होत नव्हता.