पुसलेला हात

मुख्य अभियंत्यांना आपल्या सेन्सरच्या पडद्यावरचा काळोख फार प्रिय होता. खोलीत एकटा माणूस पडला तर फोनवर इशारा देण्यासाठी तो सेन्सर होता. साधा कॅमेरा सेकंदाला ठरावीक चित्रे टिपत बसतो. या सेन्सरचा प्रत्येक बिंदू मात्र मौनव्रती. समोरचा प्रकाश बदलला तरच तो बोलणार, एरवी गप्प. पण अंधुक खोलीत या मौनव्रतींनाही भास होतात. काही हललेले नसताना शेकडो बिंदू उगाच चमकून जातात. त्यावर अभियंत्यांनी गाळणी रचली होती: ज्या बिंदूला शेजारचा बिंदू तत्क्षणी साक्ष देणार नाही, तो खोटा मानून पुसून टाकायचा. गाळणी जितकी कडक, तितका पडदा निर्मळ. हा सेन्सर एका वृद्धाश्रमात बसवायचा होता; तिथले विश्वस्त संमती देण्यासाठी येणार होते, म्हणून त्यांनी ती आणखी आवळली.

चाचणी विभागाच्या बाईंनी तेव्हाच हटकले होते.

"सर, अंधारात कुणी सावकाश हललं तर त्याचे बिंदू विरळ पडतात. तेही पुसले जातायत."

"बाई, माणूस काय सावकाश पडतो होय?"

"पडल्यावर सावकाशच हलतो, सर."

अभियंते हसले, दुसरे कोणी हसले नाही. बाईंच्या अहवालाच्या समासात त्यांनी 'क्षुल्लक' असा शेरा मारला आणि खाली झोकदार सही केली.

त्याच आठवड्यात त्यांच्या थोरल्या बहिणीच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली. आईच्या माघारी जिने त्यांना वाढवले, ती ही ताई. तिला उजेड सोसवेना. भर दुपारीही खोलीचे जाड पडदे ओढलेले असत. अभियंत्यांनी मोठ्या अभिमानाने तिच्या कपाटावर सेन्सर बसवला. "जमिनीवर पडलीस आणि नुसता हात हलवलास, तरी माझा फोन वाजेल, ताई."

गुरुवारी दुपारी ताई उठू गेली आणि पलंगाच्या कडेवरून घसरत खाली आली. फोन वाजला नाही. तासाभराने शेजारीण डोकावली, तेव्हा कुठे तिला उचलून निजवले गेले.

अभियंते धावत घरी पोहोचले. हाड मोडले नव्हते. मनगट मात्र सुजले होते.

"हात हलवला रे मी," डोळ्यांवरची पट्टी चाचपत ताई म्हणाली. "दुखत होता, म्हणून जरा बेतानं हलवला. तुझ्या यंत्राचा काय दोष? मीच नीट हलवला नसेल."

"असेल, ताई," ते म्हणाले.

शब्द तोंडातून गेला आणि त्यांना आपलाच आवाज परका वाटला. ते तडक कार्यशाळेत परतले. प्रत्येक सेन्सरची गाळण्यापूर्वीची नोंद कार्यशाळेत आठवडाभर जपून ठेवायची, हा बाईंचा हट्ट होता. त्यांनी बाईंना ती लावायला सांगितली.

पडद्यावर भासांचा धुरळा उसळला. त्यातून, डोळे ताणून पाहिल्यावर, जमिनीलगत काही बिंदू एका वळणाने जाताना दिसले. थांबले, पुन्हा त्याच वळणाने परतले. पाच बोटे मोजता येत नव्हती, पण हात ओळखू येत होता. तो छप्पन्न मिनिटे हलत होता. बाईंनी गाळणी चालू केली. पडदा स्वच्छ, काळा, देखणा झाला.

 

"तो अहवाल काढा," ते खालमानेने म्हणाले. "उद्या विश्वस्तांपुढे तोच वाचायचा. शेऱ्यासकट."

"शेरा कशाला, सर?"

"सही माझी आहे."

संध्याकाळी ते ताईच्या उशाशी बसले. डोळ्यांवरच्या पट्टीमुळे ती त्यांना पाहू शकत नव्हती, आणि याचाही त्यांना आधार वाटला, म्हणून अधिकच लाज वाटली.

"ताई, तू हात नीट हलवला होतास. यंत्राला तो दिसलाही होता. पडदा चांगला दिसावा म्हणून मी तो पुसायला लावला. एका बाईंनी आधी सांगितलं होतं, त्यांची मी टर उडवली."

ताईने मान त्यांच्या आवाजाकडे वळवली.

"आणि दुपारी 'असेल' म्हणालास."

"म्हणालो."

तिने सुजलेला हात सावकाश उचलला आणि अंधारात त्यांचा खांदा शोधू लागली. ते जागचे हलले नाहीत. तिला शोधावे लागू नये म्हणून पुढे होण्याचेही धैर्य त्यांना झाले नाही.