दोन खिडक्यांचं स्टेशन

मी हार्लन्स फोर्डचं जुनं रेल्वे स्टेशन बोलतोय. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या या गावात आता गाडी थांबत नाही. पण माझ्यासमोरच्या बाकावर लोक अजून टेकतात, उकडलेल्या शेंगा खातात आणि टरफलं माझ्याच पायाशी टाकतात. चालायचंच.

माझ्या विटा काळ्या माणसांनी वाहिल्या. मी उभा राहिल्यावर मात्र त्यांनाच सांगण्यात आलं, मागच्या दाराने या. पुढे गोऱ्यांची खोली, मागे काळ्यांची, मधे तिकीटबाबू प्रुइट. त्याला खिडक्या दोन आणि फिरती खुर्ची एक. पुढची रांग संपली की मगच खुर्ची मागे फिरायची. कधी पुढे रांग नसायची, नुसत्या गप्पा असायच्या, तरी ती फिरत नसे.

एका सकाळी अर्नेस्टीन टॉलबर्ट मागच्या खिडकीशी आली. वय एकोणीस. गाडीच्या जेवणाच्या डब्यात काळ्यांना वाढत नसत, म्हणून बुटांच्या खोक्यात तळलेली कोंबडी बांधून घेतलेली. मेम्फिसला तिची आई शेवटच्या घटका मोजत होती. तिने खिडकीच्या फळीवर टकटक केलं. बाबू पुढे मासे पकडल्याच्या बढाया मारत होता.

"थांब की पोरी, मेम्फिस कुठं पळून चाललंय?" तो मागे न बघताच म्हणाला.

गाडी आली आणि गेली. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने ती पोचली, तेव्हा आई राहिली नव्हती. माझ्या हातात काही नव्हतं, तरी मला त्या सकाळची अजून लाज वाटते.

यंदा गावाने माझी डागडुजी काढली. समितीची प्रमुख अ‍ॅडलेड प्रुइट, त्या बाबूची नात. बाई मनाने चांगली. माझ्या मागच्या खोलीत बैठक भरली, तेव्हा ती म्हणाली, "ही खिडकी बुजवून टाकू. जुनी दुखणी कशाला उगाळायची? लोकांना वाईट वाटतं."

"कुणाला गं?" कोपऱ्यातून आवाज आला. अर्नेस्टीन आता सत्याऐंशीच्या आहेत.

"तुम्हालाच, मिस अर्नेस्टीन. तुमच्यासाठीच तर म्हणतेय."

"मग मला विचारायचं तरी. माझं वाईट वाटून झालंय, बाई. पण माझी गाडी का चुकली हे नातवंडांनी विचारलं, तर त्यांना काय दाखवू? भिंत?"

तो बाबू कोण होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गाव लहान आहे. अ‍ॅडलेड उठली, मधल्या खोलीत गेली आणि आजोबांच्या खुर्चीत बसली. खुर्ची गंजलेली, करकरत मागे फिरली.

"बोला, मॅम," ती खिडकीतून म्हणाली.

अर्नेस्टीन काठी टेकत फळीपाशी आल्या. "मेम्फिस," त्या म्हणाल्या. "एक."

अ‍ॅडलेडकडे द्यायला तिकीट नव्हतं.

खिडकी राहिली. तुम्ही कधी आलात तर पुढच्या दाराने या, मागच्या दाराने या, तुमची मर्जी. फक्त त्या फळीवर एकदा टकटक करा. खुर्ची आता मागेच तोंड करून ठेवली आहे.