जयाताईचं जुनं पान

मी कॅश बोलतेय. पैशांची नव्हे, ब्राउझरच्या पोटातली. तुम्ही एखादी वेबसाइट उघडता तेव्हा तिथलं चित्र, मजकूर मी माझ्याजवळ ठेवून घेते. पुढच्या वेळी तेच समोर धरते. पान किती पटकन उघडलं, असं तुम्हाला वाटतं. खरं तर तुम्ही कालचंच पाहत असता.

हुडकेश्वरच्या एका घरात, खिडकीखाली, शिलाई मशीनशेजारी माझा संगणक ठेवला आहे. भावनाच्या डिप्लोमासाठी तो आणला. तेव्हा माझ्यात निकालांची पानं भरलेली असायची. भावना हिंगण्याला कारखान्यात लागली, तिकडेच खोली घेऊन राहू लागली आणि खुर्चीवर तिची आई बसू लागली. जयाताई. तिनं माझ्यात बाह्यांचे, गळ्यांचे इतके नमुने भरले, की जागा पुरेना. कापड मांडीवर, सुई तोंडात आणि डोळे पडद्यावर.

मग वस्तीतल्या महिला मंडळानं वेबसाइट काढली. त्यात जयाताईचं एक पान होतं. हसरा फोटो आणि खाली दोन ओळी : ‘जया गोपाळराव. शिवणवर्ग रोज दुपारी. या, बसा, शिका.’ तिनं ते नवऱ्याला हाक मारून दाखवलं. गोपाळराव म्हणाले, “फोटोत बरी दिसतं वं तू.” ती म्हणाली, “आन् घरात?”

हे पान वर्षभर बदलणार नाही, असं ते बनवणाऱ्यानं मला सांगून ठेवलं होतं. मी ते खरं मानलं.

पावसाळा सरला आणि जयाताई तापानं गेली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मंडळाच्या बायका गोपाळरावांना म्हणाल्या, “भाऊ, वेबसाइटवर ताईंचा फोटो बदलला आम्ही.” एकीनं मोबाइल पुढे केला. फोटोला हार होता. नावाआधी ‘कालकथित’, म्हणजे दिवंगत, असं लिहिलं होतं.

पाहुणे गेल्यावर गोपाळराव माझ्यासमोर बसले. त्यांनी तेच पान उघडलं. मी नेहमीसारखं माझ्याजवळचं काढून दिलं.

जयाताई हसत होती. हार नव्हता. शिवणवर्ग रोज दुपारी. या, बसा, शिका.

ते उठले. मग दार लावून आले आणि हळूच म्हणाले, “हाये का तू?”

त्या दिवसापासून ते रोज दुपारी बसायला लागले. भाजीचं सांगायचे, गुडघ्याचं सांगायचे. मशीनवरचं अर्धं शिवलेलं पोलकं त्यांनी तसंच राहू दिलं. साऱ्या जगात ती गेली होती, फक्त या पडद्यावर गेली नव्हती. आणि मी रोज तिला पुढे करत होते. मला दुसरं काही येतच नाही.

नोव्हेंबर लागला. पेन्शनसाठी हयातीचा दाखला भरायचा होता. पण त्यांच्यापुढे मी पेन्शनच्या वेबसाइटचं मागच्या वर्षीचंच पान धरून बसले होते. फोनवर भावना म्हणाली, “बाबा, कॅश साफ करा.”

“कॅश? घरात कुठली कॅश? सारी बँकेत हाये.”

ती हसली, मग काय करायचं ते नीट समजावलं. गोपाळराव म्हणाले, “मले नाही करायचं ते.”

“काहून?”

त्यांनी फोन ठेवला.

रविवारी भावना आली आणि थेट खुर्चीवर बसली. तिनं सेटिंग उघडताच ते ओरडले, “हात नको लावू!” ती दचकली. बाबा तिच्यावर कधी ओरडले नव्हते. त्यांनी तिच्या हातून माउस घेतला आणि ते पान उघडलं.

भावनानं आपला मोबाइल काढून तेच पान त्यात पाहिलं. इथे हसणारी आई, तिथे हार घातलेली आई. तिनं मोबाइल पालथा ठेवला.

“याचा फोटो काढून देते तुम्हाले,” ती म्हणाली.

“फोटो भिंतीवर हाये. फोटो नाही पायजे मले. इथं तिच्या नावाआधी काही लागलं नाही, पाह्य.”

भावनानं फक्त पेन्शनच्या वेबसाइटपुरतं मला पुसलं. दाखला भरला गेला. मला वाटलं, संपलं.

पण पुढच्या आठवड्यात ती मधल्याच वारी आली. मग रोज यायला लागली. बापाला भेटायला नव्हे. आली की पिशवी न ठेवताच खुर्ची ओढायची. डबा खायची नाही. कारखान्यातून फोन आले की कापायची. एका दुपारी ती पडद्याला म्हणाली, “आई, सोडून राहिली मी नोकरी. इथंच बसते तुझ्यापाशी.”

गोपाळराव चहा घेऊन दारात उभे होते.

“कोणाशी बोलून राहिली वं?”

“आईशी. तुम्ही नाही का बोलत?”

चहा खिडकीत ठेवून ते तिच्याकडे पाहत राहिले. रोज या खुर्चीत आपण कसे दिसत असू, हे त्यांना आज पहिल्यांदा दिसत होतं.

“कसं पुसतात, दाखव.”

“बाबा, मग ती जाईल.”

“ती गेली वं.” हा शब्द त्यांनी या घरात कधीच उच्चारला नव्हता. “ती गेली, भावना. हे यंत्र नुसतं धरून बसलं हाये. आन् आता तुलेही धरून राहिलं.”

ती रडली, खूप रडली. नंतर डोळे पुसून तिनं कुठे दाबायचं ते दाखवलं. “मी दाबू?”

“नाही. मीच.”

आता त्यांचं बोट बटणावर आहे. वाचकहो, ही वेळ मला हवीच होती. माझी जागा कधीतरी भरली असती, मुदत संपली असती आणि एखाद्या दुपारी न सांगता मीच तिला टाकून दिलं असतं. ते पाप माझ्याकडून घडू देऊ नका. जे सोडायचं, ते जाणूनबुजून, आपल्या माणसाला शेजारी घेऊन सोडा.

भावनानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आहे. निरोप घेताना ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावं, अशी आपली रीत. पण या घरात मी फार दिवस खोटं दाखवलं. आता खरं सांगते.

जाते.