पिवळं फडकं, लाल फडकं

"बाळाची एक अंडगोळी अजून खाली उतरलेली नाही. वडिलांचंही लहानपणी असंच होतं? मग त्यांना म्हणावं, महिन्यातून एकदा स्वतःला चाचपून बघा. गाठ लागली तर दुखायची वाट बघू नका." धुळ्याच्या डॉक्टरीणबाई बोलल्या तेव्हा पुनम लाजून हसली होती. असलं नवऱ्याला कोण सांगणार?

आता नवऱ्याला, प्रेमराजला, तशीच गाठ लागली होती. टणक, न दुखणारी. आणि सासूबाईंनी, सुंदरबाईंनी, त्याला साक्रीकडच्या गाठीबाबाच्या मांडवात आणून बसवलं होतं.

मांडवात मुंगी शिरायला जागा नव्हती. दहा बोटांत अकरा अंगठ्या घातलेला बाबा गाठीवर, अवघड जागा असेल तर धोतरावरूनच, पिवळं फडकं ठेवी आणि तांब्यातलं तीर्थ शिंपडी. फडकं लालभडक!

"दखा! बठ्ठं नासेल रगत बाहेर उनं! डाक्टर ते कापी टाकतस, मंग वंश बुडस!" बाबा गरजला.

"बाबाना पाय धर, पुनम," सुंदरबाई कुजबुजल्या.

पुनम फडक्याकडेच बघत होती. हा लाल रंग तिच्या रोजच्या ओळखीचा. तिनं पिशवीतून बाळाचं वरण सांडलेलं झबलं काढलं आणि सरळ तांब्यात बुचकळलं. पिवळा डाग लाल झाला.

"बाबा, माझ्या पोराच्या वरणालाही गाठ आलीय का हो?"

मांडव खदखदून हसला.

"तीर्थ बाटवलं! भस्म होशील, बाई!" बाबा ओरडला.

"फडकं हळदीचं, तीर्थात पापडखार. झबल्याला साबण लागला तरी डाग असाच लाल होतो." तिनं बाबाच्याच ताटातलं लिंबू फडक्यावर पिळलं. लाल पुन्हा पिवळं! "बघा, नासकं रक्त परत आत गेलं!"

दुसऱ्या दिवशी ती प्रेमराजला घेऊन धुळ्याला गेली, सुंदरबाईही सोबत निघाल्या. सोनोग्राफी आणि रक्ततपासणी बघून डॉक्टर म्हणाले, "कर्करोगच दिसतोय. जांघेत चीर देऊन ती अंडगोळी काढू. पसरला नसेल तर पुष्कळदा नुसती नियमित तपासणी पुरते. नाहीतर केमो, काहींना किरणोपचार. वेळेत आलेले बहुतेक बरे होतात."

"अन् पोरंबाळं?" प्रेमराजनं खालमानेनं विचारलं.

"दुसरी चांगली असली की सहसा होतात. केमो लागलीच तर आधी वीर्य साठवून ठेवता येतं."

"मंग बाबा काय करे?" सुंदरबाई पुटपुटल्या.

"तो फडकं रंगवे, आत्या. तवलोंग इकडं गाठ वाढे," पुनम सासूबाईंना म्हणाली.

प्रेमराजनं ऑपरेशनला होकार दिला. पुनमनं बाळाची अंडगोळी खाली आणायच्या ऑपरेशनचीही तारीख घेतली.

हळद खारानं लाल होते. गाठ उपचारानं जाते. तुमच्या घरातही कुणी लाजून गप्प बसलेला असेल, नवरा, भाऊ, नाहीतर कॉलेजातला पोरगा. आज ताट वाढताना त्याला एवढंच विचारा, "चाचपून बघितलंस का रे?"