मला तिच्या फोटोजवळून उचला

मी कात्री बोलतेय. शिंप्याची, वजनदार, लोखंडी. तोंड चालवणं हा माझा धंदाच आहे, तेव्हा गोड बोलेन अशी आशा ठेवू नका.

माझा जन्म कारखान्यातल्या भट्टीत झाला. कोट शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी मला विकत घेतलं. त्यांच्याकडे काजं-बटणं करायला एक तरुण विधवा यायची, कडेवर मुलगा घेऊन. मास्तरांचे डोळे गेले तेव्हा त्यांनी मला तिच्या हातात ठेवलं. तीच पुढे या घरातली आजी.

तिचं माझ्यावर प्रेम होतं असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर ते साफ खोटं. ती माझा राग राग करायची. पोर वाढवायचं होतं म्हणून मला हातात धरलं, एवढंच. "हा एकदा नोकरीला लागू दे, मग तुझं तोंड बघणार नाही," असं मला बजावायची आणि कापड कापायला घ्यायची.

मुलगा नोकरीला लागला. पण मग नवं घर आलं, सून आली, नातवंडं आली. "आई, तेवढे पडदे." "आई, माझ्या साहेबांच्या बायकोचा झगा, नाही म्हणू नकोस हं." आजीच्या अंगठ्याच्या मुळाशी गाठ आली होती. माझ्या कडीत अंगठा घातला की तिच्या तोंडून "आई गं" निघायचं. शेजारच्या खोलीत सगळे टीव्ही बघत असायचे. बहिरे नव्हते हो, मेले!

शेवटी तिने एक दिवस मला फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात तळाशी पुरलं आणि कात्री हरवली म्हणून सांगून टाकलं. दुपारी पाय पसरून झोपली. शेजारणीकडे जाऊन मनसोक्त गप्पा मारून आली. तांदळात माझा जीव गुदमरत होता, पण तिचं हसणं ऐकून मला बरं वाटत होतं.

आणि मुलगा काय म्हणाला? "कात्री नाही तर आई कशी कोमेजून गेलीय बघ!" अरे, डोळे फुटले होते का तुझे?

तांदूळ तळाला गेले आणि मी सुनेच्या हाताला लागले. "अगंबाई! आईंना हल्ली काही लक्षातच राहत नाही," म्हणाली. मुलगा मला धारवाल्याकडे घेऊन गेला, चकचकीत कागदात बांधून आणलं आणि सगळ्यांसमोर आजीच्या मांडीवर ठेवलं. टाळ्यासुद्धा वाजवल्या.

आजीने कागद सोडला. माझ्याकडे बघितलं.

"अरे, मीच लपवली होती," ती म्हणाली. "होत नाही रे आता मला. हात दुखतो."

मुलगा खो खो हसला. "ऐकलंत? आई पण ना! दोन दिवस काम नसलं तर जीव जाईल हिचा!"

सगळे हसले, मग तीही हसली. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो. दुसऱ्या दिवसापासून तिने मला पुन्हा हातात धरलं. पडदे कापता कापताच एका दुपारी टेबलावर मान टाकली. अंगठा माझ्या कडीत अडकलेला होता, सुनेला तो ओढून काढावा लागला.

परवा तिच्या आठवणीसाठी पाहुणे जमले. मुलगा गळा काढून सांगत होता, "आईला कामाशिवाय करमायचंच नाही. कधी तक्रार नाही केली." पाहुण्यांनी माना डोलावल्या. नाक पुसत पुसत त्याने मला घासूनपुसून तिच्या फोटोपुढे ठेवलं. म्हणे तिची लाडकी वस्तू! माझी दोन्ही पाती तिच्याकडे रोखलेली आहेत आणि ती फोटोतून माझ्याकडे बघतेय.

तुम्ही कधी या घरी आलात तर फोटोला हात जोडू नका, आजीचं कौतुकही करू नका. ते फार झालंय. कोणाचं लक्ष नसताना मला उचला आणि भंगारात द्या, विहिरीत टाका, काय वाटेल ते करा. तिने सुट्टी मागितली होती हो. आता तरी द्या तिला.