मॅचिंग

"फ्रेम राहू दे. आधी फोटो उजेडात बघू," म्हणत सुलेखाबाईंनी सिद्धेशच्या हातातला प्रिंट घेतला आणि मागचं दार उघडून त्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या.

फोटोत जांभळ्या फुलावर एक गुबगुबीत बंबल बी, म्हणजे मधमाशीसारखीच पण मोठी, केसाळ माशी बसली होती. पाठीवर गंजाच्या रंगाचा ठिपका असलेली ही जात आता फार थोडी उरली आहे. नागपूरहून सहा महिन्यांसाठी लेकाकडे अमेरिकेत शॉमबर्गला आलेल्या सुलेखाबाईंनी तिच्यासाठी अख्खा उन्हाळा बागेत उकिडवं बसून काढला होता. शुक्रवारी परतीचं विमान, आणि नेमकी काल ती सापडली! अशा माश्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर फोटो टाकल्यावर दोघा हौशी जाणकारांनी होकार दिला होता. शास्त्रज्ञांचा शिक्का तेवढा बाकी होता. सिद्धेशला कुठला धीर? त्यानं महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर आईचं कौतुक करवूनही घेतलं होतं.

"ही ती नव्हे रे."

"आई, दोन लोकांनी कन्फर्म केलंय!"

"करू देत. ठिपक्याच्या मागे पिवळे केस हवेत, इथे काळे आहेत. आणि हा रंग गंजाचा नाही, कत्थई आहे. मॅच होत नाही."

"तू शुक्रवारी चाललीस. कोण बघायला बसलंय, यार?"

"गिऱ्हाइकाला घाई आहे म्हणून भलतंच कापड कापून द्यायचं का?"

सीताबर्डीच्या मॅचिंग सेंटरमध्ये तीस वर्षं सुलेखाबाई गिऱ्हाइकाची साडी अशीच रस्त्यावरच्या उजेडात नेऊन ब्लाउजपीस जुळवत आल्या होत्या. ऑफिसात कुणी विचारलं, तर सिद्धेश 'आई टेक्स्टाइलमध्ये होती' एवढंच सांगायचा.

त्यानं नाइलाजानं वेबसाइटवर लिहिलं : ओळखण्यात चूक झाली, ही नेहमीची तपकिरी पट्ट्याची.

"आजी, आर यू सॅड?" दहा वर्षांच्या रुहीनं विचारलं.

"हो गं. खूप वाटत होतं, तीच असावी."

गुरुवारी बॅगा भरताना शास्त्रज्ञ बाईंचं उत्तर आलं. त्याही फसल्याच होत्या, शिक्का मारणारच होत्या. सुलेखाबाई नागपूरहून इतरांचे फोटो तपासून देतील का? आणि एवढी नजर त्यांनी कुठे तयार केली?

सिद्धेशनं मोठ्यानं वाचून दाखवलं. सुलेखाबाईंचा चेहरा फुलला. मग हातातल्या साडीची घडी नीट करत त्या सहज म्हणाल्या,

"तपासीन म्हणून कळव. आणि लिही, टेक्स्टाइलमध्ये होती."

सिद्धेशची बोटं कीबोर्डवर थांबली. आईला ठाऊक होतं तर.

त्यानं लिहिलं : मॅचिंग सेंटर, सीताबर्डी, नागपूर. तीस वर्षं. मग हेच मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, आणि खाली आणखी एक ओळ जोडली : फोटोतली माशी साधीच आहे, आई नाही.