चालत्या धंद्याची किंमत

सकाळचे ऊन पत्र्याच्या झरोक्यातून कारखान्यात येई, आणि येताना कधी घाई करत नसे. आधी ते तुळईवर थबके, मग रबराच्या काळ्या धुळीला क्षणभर सोन्याची कळा देऊन यंत्राच्या चाकावर उतरे. तिथून फरशीवरच्या तेलाच्या डागांवर, आणि अखेर कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत थोरल्याच्या रिकाम्या खुर्चीवर येऊन निजे. समोरच्या स्टुलावर धाकटा लॅपटॉप उघडून बसला होता. त्या उजेडाकडे पाहत राहणे कामापेक्षा सोपे होते.

कंपन्यांची किंमत ठरवणे हा त्याचा व्यवसाय. पुढच्या पाच वर्षांचा अंदाज कोष्टकात मांडायचा आणि त्यावरून आजचा भाव काढायचा. परक्यांचे धंदे त्याने डोळ्यांत तेल घालून तपासले होते. आज दादाच्याच रबरी वायसरांच्या कारखान्याची पाळी होती. घेणारा दुपारी यायचा होता. दादा काही वर्षे पगारावर पाठीशी राहणार असेल, तर चालता धंदा म्हणून तो पुरी किंमत देणार होता, कामगारही ठेवणार होता. नाहीतर त्याला फक्त यंत्रे हवी होती, तीही मोडीच्या भावात.

दादा आला तो वहिनीच्या खांद्याचा आधार घेत. दारापासून खुर्चीपर्यंत येताना त्याला थांबावे लागले. रात्रभर डोळा लागला नाही, तरी स्वारीला इथे यायचेच होते, असे वहिनी म्हणाली. दादाने श्वास जुळवला आणि विचारले, की म्हाताऱ्या बैलाचे दात मोजून झाले का.

डॉक्टरांनी परवा बाजूला घेऊन जे सांगितले, ते धाकट्याने वहिनीला सांगितले नव्हते. स्वतःलाही नाही. त्याने लॅपटॉपचा पडदा दादाकडे वळवला.

दादा बराच वेळ वाचत होता.

"पाचव्या वर्षीही मला पगारवाढ?"

"तशी पद्धत असते, दादा."

"परक्याच्या कारखान्यात मालक असा धापा टाकत असता, तर काय मांडलं असतंस?"

"कामगारांचा तरी विचार कर."

"त्यांचाच करतोय रे. आज तुझ्या आकड्यावर राहतील, आणि उद्या घेणारा बुडाला की त्याच्यासकट रस्त्यावर येतील. घर गहाण टाकलंय त्यानं. जाता जाता त्याचे तळतळाट कशाला माझ्या माथी?"

"सकाळी सकाळी असलं बोलू नका," वहिनी म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

धाकट्याने कोष्टक पुन्हा आपल्याकडे ओढले. मालक किती वर्षे राहणार, या प्रश्नापुढचा पाचाचा आकडा त्याने पुसला. किंमत डोळ्यांदेखत ओसरली आणि यंत्रांच्या मोडीपाशी जाऊन थांबली. दादाने हिशेब पटल्यासारखी मान डोलावली आणि डोळे मिटून घेतले.

"किती कमी झालं, भाऊजी?" वहिनीने मागे न वळता विचारले.

त्याने लॅपटॉप मिटला. दादा हे वर्ष काढणार नव्हता.